घोडी पुरेसं पाणी पीत नाहीये. तुम्ही काय करता?

सांजवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, पण सगळं सविस्तर सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही असं वाटतं.

माझी घोडी नऊ वर्षांची, वजन अंदाजे ४५० किलो. महिन्यापूर्वी तिला नव्या पागेत हलवलं. आधी ती दिवसभर हिरव्यावर मोकळी असायची. इथे सकाळ-संध्याकाळ सुकं गवत आणि दोन तास बाहेर. थाणात नाकाने दाबलं की भरणारं पाण्याचं भांडं आहे. पाणी चोवीस तास समोर आहे म्हटल्यावर पाण्याची काळजी मिटली, असं मी धरून चालले.

सहाव्या दिवशी सकाळी गेले तर थाणात लिदीचे तीनच ढीग. एरवी आठ-दहा असतात. गोळे बारीक, कडक, आणि वर चिकट पातळ पापुद्रा चकाकत होता. रात्रीचं गवत निम्मं तसंच. ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून सारखी कुशीकडे बघत होती. डॉक्टर आले, त्यांनी हात घालून तपासलं. मोठं आतडं जिथे वळतं आणि अरुंद होतं, तिथे सुकलेला चारा साचून बसला होता. वेदनाशामक दिलं, नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि क्षार सोडले, संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भरपूर लीद टाकली तेव्हा मी तिथेच रडले.

डॉक्टरांनी आल्या आल्या मला पहिला प्रश्न विचारला होता, "काल किती प्यायली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोज खरारा करते, खूर साफ करते, अंगावरचा प्रत्येक ओरखडा मला पाठ आहे. पण ती पाणी किती पिते हे मला सांगता आलं नाही. ते फार लागलंय मनाला.

आता ते भांडं बंद करून २० लिटरच्या दोन बादल्या ठेवल्यात. पहिल्या दिवशी १४ लिटर, दुसऱ्या दिवशी १६. हे कमी आहे ना? तिने आपणहून जास्त प्यावं म्हणून काय करता येईल?

---

पागेतली_पहाट

सांजवारा, आधी घोडी वाचली याचा आनंद. आणि स्वतःला फार दोष देऊ नका, ही चूक पुष्कळ जाणत्यांच्या हातून होते. आपोआप भरणाऱ्या भांड्याची खोट हीच आहे की जनावर पितंय की नाही ते कळतच नाही. शिवाय काही भांडी भरताना फुसकन आवाज करतात, काहींत एका वेळी इतकंच पाणी येतं की घोड्याला घोट घेऊन थांबावं लागतं. घोड्याला तोंड बुडवून सलग प्यायला आवडतं. मी तरी थाणात बादलीच ठेवते.

आता आकडे. साधारण ५०० किलोचा, काम नसलेला घोडा बऱ्या हवेत दिवसाला २५ ते ४० लिटर पितो. उन्हात, कामाच्या दिवशी हे दुप्पट होऊ शकतं. दूध पाजणाऱ्या घोडीला तर आणखी लागतं. तुमच्या घोडीचे १४-१६ लिटर सुक्या गवतावर कमीच आहेत.

पण खरा फरक चाऱ्यात आहे, तो नीट बघा. सुक्या गवतात पाणी जेमतेम दहा-बारा टक्के. नऊ किलो सुकं गवत खाल्लं तर त्यातून एक लिटर पाणी मिळालं म्हणा. तेवढंच सत्त्व ती हिरव्यातून खात होती तेव्हा बत्तीस किलो गवत पोटात जायचं, आणि हिरव्या गवतात पाऊण भाग पाणी असतं. म्हणजे चोवीस लिटर पाणी ती नुसतं चरताना खात होती! तिथे ती हौदावर फारशी दिसत नसेल, आणि ते बरोबरच होतं. चारा बदलला त्या दिवशी हे चोवीस लिटर गायब झाले. ते तिने बादलीतून भरून काढावेत अशी आपली अपेक्षा, पण तिची प्यायची सवय जुनीच.

---

सांजवारा

पहाटताई, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. खरंच, जुन्या जागी ती हौदावर क्वचितच दिसायची आणि मी अभिमानाने सांगायचे की हिला पाणी कमी लागतं.

---

माळरान

पहाट यांना अनुमोदन. यात एक भर. आहे त्या चाऱ्यातूनच पाणी पोटात घालणं हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. सुकं गवत अर्धा तास भिजवून निथळून द्या. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, ते घाण असतं. उष्ण हवेत भिजलेलं गवत फार वेळ पडू देऊ नका, आंबतं.

चंदीतही पाणी मिसळा. मी बीट पल्प भरपूर पाण्यात फुगवून देतो. साखर काढून घेतलेल्या बीटाचा तो चोथा, वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. गव्हाच्या कोंड्याची पातळ आंबोणही चालते, पण कोंडा रोज आणि जास्त नको, त्यात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा खूप जास्त असतो. नवीन काहीही घालताना आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. आतड्यातल्या जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो.

---

लांबपल्ला

मी दहा-बारा वर्षं लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडे पळवतोय. आमच्याकडे सगळं गणित पाण्यावरच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याला वाटतं, घोडा तहानला की पिईलच. हे अर्धंच खरं आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा खूप कमी खारट असतो. घाम गेला की मागे राहिलेलं रक्त खारट होतं, मेंदूला ते कळतं आणि आपल्याला तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना किंचित जास्तच खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून जातं. रक्ताचा खारटपणा वाढतच नाही, आणि मेंदूला तहानेचा निरोप पोचत नाही. घोडा आतून सुकत असतो आणि पाण्याच्या टाकीवरून सरळ पुढे जातो. मी हे डोळ्यांनी कितीदा पाहिलंय.

उष्ण-दमट हवेत जोराच्या कामात घोड्याला तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. एका लिटर घामात साधारण १० ग्रॅम क्षार, मुख्यतः सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम. मांड्यांच्या मध्ये, लगामाच्या पट्ट्याखाली तो पांढरा फेस येतो ना, तो घामातल्या लॅथेरिन नावाच्या प्रथिनामुळे. दाट केसांतून घाम पसरावा म्हणून निसर्गाने केलेली सोय आहे ती.

म्हणून मीठ. काम नसलेल्या ५०० किलोच्या घोड्यालाही दिवसाला १० ग्रॅम सोडियम लागतं, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साधं मीठ. गवतात सोडियम फारच कमी. मिठाचा खडा टांगून ठेवतात, पण घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते, त्यामुळे खड्यावरून पुरेसं मीठ चाटून होईल याची खात्री नाही. मी सुटं मीठ चंदीत मिसळतो. अर्ध्या चमच्याने सुरुवात करा, नाहीतर ती चंदीलाच तोंड लावणार नाही. आणि मीठ द्याल तिथे पाणी हाताशी हवंच. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे क्षारांच्या, पुड्यांबद्दल: पुडीवर घटक वाचा. साखर पहिल्या नंबरवर असेल तर ती पुडी ठेवून द्या. आणि आधीच सुकलेल्या, पाणी न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात दाट इलेक्ट्रोलाइट कधीही ढकलू नका. ते आतड्यात गेल्यावर अंगातलंच पाणी तिकडे ओढतं. आमचे घोडे शर्यतीच्या दिवशी खारं पाणी प्यायला शिकलेले असतात. ती सवय आधी दोन-तीन आठवडे घरी लावावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. खारी बादली ठेवाल तेव्हा शेजारी साध्या पाण्याची बादली असलीच पाहिजे, निवड घोड्याची.

---

जुनी_रिकीब

लांबपल्ला, माहिती उत्तम. पण एक शंका आहे. आमच्या वडिलांचा कडक नियम होता, घामाघूम घोड्याला पाणी दाखवायचं नाही. आधी तासभर चालवून थंड करायचा, मग पाणी. नाहीतर पोटशूळ होतो, पाय धरतात. मी चाळीस वर्षं हेच केलं आणि माझ्या एकाही घोड्याला त्रास झाला नाही. मग हे चूक होतं का?

---

लांबपल्ला

काका, तुमच्या वडिलांच्या पिढीने घोडे जिवापाड सांभाळले, त्याबद्दल दुमत नाही. पण या एका बाबतीत समजूत बदलली आहे. तहान सगळ्यात जास्त असते ती काम थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत. तेव्हा पाणी नाकारलं आणि तासाभराने दिलं तर घोडा पुष्कळदा दोन घोट घेऊन तोंड वर करतो. ती भरपाई मग रात्रीपर्यंत होत नाही. घाम आलेला, पण शुद्धीवर असलेला, चालता-फिरता घोडा थांबल्याबरोबर पाणी पिऊ शकतो. त्याने पोटशूळ होत नाही. पाणी फार गार नसेल, विशीच्या आसपास तापमान असेल, तर जास्त पितो असा माझाही अनुभव आहे.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी उष्ण-दमट हवेत घोडे कसे तग धरतील यावर बराच अभ्यास झाला. गरम अंगावर गार पाणी ओतलं की स्नायू आखडतात, ही भीतीही तेव्हापासून मागे पडत गेली. आता आम्ही अंगावर बादल्यांवर बादल्या ओततो आणि तोंडासमोर पाणी ठेवतो, दोन्ही एकदमच.

एक अपवाद मात्र पक्का आहे. खूप वेळ पाणीच न मिळालेला किंवा थकून कोसळायच्या बेतात असलेला घोडा. त्याला थोडं थोडं, दर काही मिनिटांनी, आणि डॉक्टरांना बोलावूनच. तुमच्या वडिलांनी असेच घोडे पाहिले असतील आणि नियम त्यातून आला असेल.

---

जुनी_रिकीब

पटलं. माझा म्हातारा घोडा रपेटीनंतर बादलीकडे ओढ घ्यायचा आणि मी त्याला मागे खेचायचो. आठवून वाईट वाटतंय. उद्यापासून थांबल्याबरोबर पाणी.

---

ओलावा

वाचनखूण साठवली. पाण्याच्या चवीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नवी जागा म्हणजे नवं पाणी. क्लोरीनचा वास, लोखंडाची चव, नव्या प्लास्टिकचा वास, आपल्याला काही जाणवत नाही, पण घोडा नाकपुड्या फेंदारून वास घेतो आणि मागे सरतो. माझा घोडा प्रवासात अठरा तास पाण्याला शिवला नव्हता. तेव्हापासून मी निघायच्या आठवडाभर आधी घरच्याच पाण्यात सफरचंदाचा थोडा रस घालायला लागते, वीस लिटरला एखादा पेला. नव्या ठिकाणी गेल्यावर त्या पाण्यातही तेवढाच रस. त्याच्या लेखी पाणी तेच. शक्य असेल तर घरचं पाणीही कॅनमधून नेते. शेजारी साधी बादली ठेवतेच.

वाहनात दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवते. त्या वेळी मान मोकळी सोडून खाली घेऊ द्या. मान वर बांधून लांबचा प्रवास झाला की नाका-घशातली घाण खाली निचरत नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होण्याचा धोका वाढतो.

आणि बादली घासा हो! वरून भर घालत राहायचं आणि तळाला शेवाळ, लाळ, गवताचा काला. रोज ओतून, ब्रशने घासून, ताजं पाणी. आपण जे पाणी ओठाला लावणार नाही ते त्यांनी का प्यावं? एका पागेत टाकीत मेलेला उंदीर निघाला होता. चार घोडे दोन दिवस कमी पीत होते आणि सगळे हवामानाला दोष देत होते.

---

गोठलेली_सकाळ

आमच्याकडे प्रश्न उलटा, थंडीचा. लोकांना वाटतं पाणी कमी पिण्याचा धोका उन्हाळ्यातच. थंडीत चारा सुका, पाणी बर्फासारखं, हालचाल कमी, म्हणजे आतडं बसायला सगळी तयारी. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याची बादली दिली की माझी घोडी तोंड बुडवून अर्धी संपवते. तेच गार पाणी असेल तर ओठ ओले करते आणि जाते. बर्फ खाऊन भागेल असं समजू नका.

टाकीत विजेचा हीटर असेल तर एक तपासा. बारीक गळती असली तरी घोड्याला नाकाला झिणझिणी बसते आणि तो टाकीजवळ फिरकतच नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

---

माळरान

हालचालीवरून आठवलं. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, तिन्हीचं उत्तर एक: न फिरवल्यामुळे. लहानपणी कोडं म्हणून ऐकलं, पण घोड्याच्या पोटालाही ते लागू आहे. चालल्याने आतडं हलतं. सांजवारा, दोन तासांचं मोकळं फिरणं वाढवता येईल का पाहा. जमलंच तर थोडं हिरवं हाताने चारा.

---

तिसरा_हौद

फक्त एक मुद्दा. कळप असेल तर दोन टाक्या ठेवा, एकमेकींपासून लांब. आमच्याकडे एक दांडगी घोडी टाकीशी उभी राहायची, कान मागे टाकून. म्हातारा घोडा लांबून बघत राहायचा आणि शेवटी निघून जायचा. दुसरी टाकी ठेवली त्याच दिवशी तो सलग प्यायला.

---

पागेतली_पहाट

छान चर्चा चाललीय. धोक्याच्या खुणाही इथेच लिहून ठेवते, कोणाच्या तरी कामाला येतील.

हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओली, बुळबुळीत लागली पाहिजे. चिकट किंवा कोरडी लागली तर पाणी कमी आहे. खांद्यापाशी कातडी चिमटीत धरून सोडतात, पण म्हाताऱ्या किंवा रोडावलेल्या घोड्यात ती तशीही सावकाश बसते, म्हणून आपला घोडा ठणठणीत असताना ही चिमटी किती वेळात बसते ते माहीत करून घ्या. या खुणा दिसू लागतात तोवर शरीराच्या वजनाच्या पाचेक टक्के पाणी गेलेलं असतं. ४५० किलोच्या घोडीत ते बावीस-तेवीस लिटर झालं. म्हणून खुणांची वाट बघू नका, बादली मोजा.

विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४. नुसती उभी असताना ६० च्या वर राहिली तर डॉक्टरांना फोन.

लघवीवरून लगेच घाबरू नका. घोड्याची लघवी मुळातच गढूळ असते, त्यात चुन्याचे कण असतात. जमिनीवर किंवा बर्फावर पडल्यावर काही वेळाने तांबूस होते, तेही बिघाडाचं लक्षण नाही. बाहेर पडतानाच गडद कॉफीसारखी दिसली तर मात्र तातडीने डॉक्टर.

आणि हात जोडून सांगते, पाणी पीत नाही म्हणून तोंडात पिचकारीने किंवा बाटलीने पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जातं. नळी घालणं हे डॉक्टरांचंच काम. अचानक पिणं कमी झालं असेल तर दातही तपासून घ्या. दुखऱ्या दाताला गार पाणी झोंबतं.

---

नवा_खरारा

माझ्या बावीस वर्षांच्या घोड्याचं उलटं आहे, तो बादल्यांवर बादल्या पितो. हे चांगलं ना?

---

पागेतली_पहाट

नाही दादा, डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी पिणं एकदम वाढलं, लघवीने थाण भिजायला लागलं, केस लांब वाढून झडेनासे झाले, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा आजार असू शकतो. मूत्रपिंडंही तपासतील. रक्ताच्या तपासणीत पुष्कळ कळतं आणि औषध आहे. पाणी मात्र तोडू नका, त्याला हवं तितकं पिऊ द्या.

---

सांजवारा

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

काय केलं ते सांगते. गवत भिजवून द्यायला लागले. बीट पल्प मूठभरापासून वाढवत आता सुका अर्धा किलो, पाच-सहा लिटर पाण्यात. मीठ अर्ध्या चमच्यापासून २० ग्रॅमपर्यंत आणलं, पहिले चार दिवस तिने चंदी चिवडली, आता तोबरा चाटून साफ करते. बाहेर सोडायची वेळ चार तास करून घेतली. बादल्या रोज घासते. दाराशेजारी पाटी टांगलीय, सकाळ-संध्याकाळ लिटर लिहायचे. मी नसेन तेव्हा पागेतली मुलंही लिहितात.

सफरचंदाचा रस तिने नाकारला, नुसती फुरफुरली. पण एक गोष्ट योगायोगाने सापडली. एक बादली थाणाच्या आत कोपऱ्यात होती. पिताना तिची पाठ दाराकडे व्हायची आणि कोणी आलं की ती दचकून मान वर करायची. ती बादली दाराशी आणली, जिथून तिला बाहेरचं अंगण दिसतं. त्या दिवशी आकडा २१ झाला.

काल पाटीवर २७ आहे, भिजवलेल्या चाऱ्यातलं पाणी वेगळं. लिदीचे नऊ ढीग, ओलसर, पडल्यावर फुटणारे.

काल संध्याकाळी रपेटीहून आल्यावर खोगीर उतरवायच्या आधी बादली पुढे केली. तिने ओठ जेमतेम बुडवले, नाकपुड्या पाण्याच्या वर. प्रत्येक घोटाला दोन्ही कान पुढे-मागे होत होते. कान मोजत उभी राहिले, चाळीसपर्यंत गेले. मग तिने तोंड वर केलं, हनुवटीवरून पाणी माझ्या बाहीवर गळलं, आणि पुन्हा खाली घातलं.

---

लांबपल्ला

सांजवारा, ती पाटी कायम ठेवा. ऋतू बदलला की आकडा बदलेल, तो नवा आकडा वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी डॉक्टर आले तर ती पाटीच काढून त्यांच्या हातात द्या.